मधली बडबड

एका सहीत प्रज्योतला तीन गोष्टी मिळणार होत्या. आजोबांची जुनी रेकॉर्ड नव्याने काढायला लंडनच्या कंपनीशी करार, त्यांच्या बँडवर माहितीपट आणि त्याच्या आजीला, मृणालबाईंना, कायमचं 'मिस शर्ली' हे नाव. खर्च किती? मुंबई ते आगरदांडा पेट्रोल, अधिक एक बॉलपेन.

सही करायची होती नीराबाईंनी. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. त्या ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या, शेजारी धाकटी जाऊ रंगू.

"म्हंजे मी कदी गायलेच न्हाय, असं लिहून देऊ?"

"तसं नाही, आजी. तुम्ही बँडच्या लोकांना मदत करायचात. कपडे, चहापाणी…"

"चहापानी!" नीराबाईंनी सुकटीतला खडा उचलून अंगणात भिरकावला. "तुज्या आजोबाला माज्या हातचा च्या कदी लाभला न्हाय, बाबा. तोच माज्यासाठी आणायचा. गळा गरम रावा म्हणून."

मुंबईतल्या हॉटेलच्या मागच्या दारी पापलेट विकणाऱ्या पोरीची हाक चांगदेवांनी ऐकली, ते साल अडुसष्ट. चांगदेव म्हणजे प्रज्योतचे आजोबा, बँडवरचे 'चार्ली'. मागे सोळा वाजवणारे, ट्रम्पेटं, सॅक्सोफोन. पुढे निळ्या झग्यात नीरा, पाटीवर मात्र 'मिस शर्ली'. इंग्रजी गाणी तिने मराठी अक्षरांत वहीवर उतरवून पाठ केली. वर्षभरात साहेबलोक टेबलं सोडून नाचायला लागले. मग रेकॉर्ड निघाली. नाव तेच, मिस शर्ली, पण फोटो चांगदेवांच्या बायकोचा. नीराने झगा चांगदेवांच्या अंगावर फेकला आणि पहिली लाँच पकडली. त्यानंतर पंचावन्न वर्षं ती हाक फक्त मासळीबाजाराने ऐकली.

हे सगळं खरं आहे हे प्रज्योतला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो आला होता. कुणीतरी कंपनीला कळवलं होतं की खरी मिस शर्ली आगरदांड्याला सुकट विकते, आणि कंपनीला आता तिचाच लेखी जबाब हवा होता.

"तुमच्याकडे काही पुरावा आहे का, आजी? वही, पत्र, फोटो?"

"वही वाळवीनं खाल्ली. आवाज हाय की रेकॉर्डवर."

"आवाजावर नाव लिहिलेलं नसतं, आजी."

नीराबाई हसल्या. इतक्या हसल्या की मांडीवरचं सूप कलंडलं.

"चोडूस चकोन," सुकट गोळा करता करता रंगू पुटपुटली.

प्रज्योतने लक्ष दिलं नाही. ही कोळ्यांची बोली असणार. तो इंग्रजी शाळेतला; साधं मराठीच कसंबसं वाचायचा.

"पन्नास हजार देतो," तो म्हणाला.

"पैसं ठेव खिशात. रेकॉर्डवरच्या गाण्यात मधी बडबड हाय, ठाव हाय ना? ट्रम्पेट थांबतं न् मी काय काय फेकते? तुजा आजोबा म्हणलेला, इथं अर्थ नको, तोंडाला येल ते गा. तेवढी बडबड नव्या कव्हरावर छाप. मी सांगते तश्शी, मराठीत. हितं धक्क्यावर कार्यक्रम कर, गावाला बोलव, न् तू सवता ती माईकवर वाच. मग चारचौघांत सही करते."

"बडबडीखाली तुमचं नाव टाकायचं?" प्रज्योतने सावधपणे विचारलं.

"नाव कशाला? एक अक्षर वरचं नको. म्हातारीची हौस समज."

हौस स्वस्तातली होती. तरी घरी जाऊन प्रज्योतने रेकॉर्ड लावली आणि कागदाशी ताडून पाहिली. अक्षर न् अक्षर जुळत होतं, अर्थ कुठेच नव्हता. लंडनच्या जाणकाराने तर कळवलं की हे ध्वनी त्या काळाच्या फार पुढचे आहेत. प्रज्योतने हजार कव्हरं छापून घेतली.

रविवारी सकाळी धक्क्यावर मांडव पडला. दोनशे खुर्च्या, वडापाव, दोन कॅमेरे, अलिबागहून आलेली वार्ताहर सोनल आणि कंपनीचा माणूस. पुढच्या रांगा कोळणींनी भरलेल्या. दिघीची फेरीबोट लागली तशी तिच्यातली माणसंही येऊन उभी राहिली. टेबलावर जबाब तयार होता, त्यावर बॉलपेन.

रेकॉर्ड लागली. बँड उसळला, चढला आणि एकदम थांबला. बावीस वर्षांच्या पोरीचा आवाज एकटाच खाडीवर पसरला. बायकांत हसू फुटलं. कुणीतरी कुणाला तरी कोपराने ढोसलं. प्रज्योतला वाटलं, रंग भरतोय. त्याने कव्हर वर धरलं आणि छाती काढून, एकेक शब्द सुटा करत वाचलं:

"चीम चीरान! चाळूरामचीक चेकल! चर्लीश चोटीख!"

मांडवात हशा उसळला. "परत, परत!" बायका ओरडल्या. प्रज्योत खूश झाला. त्याने परत वाचलं, आणखी मोठ्याने, थेट कॅमेऱ्यात बघून.

"ह्यांना काय झालं हसायला?" कंपनीच्या माणसाने सोनलला विचारलं. पण सोनल पदराआड हसणाऱ्या बायकांकडे बघत स्वतःच ओठांतल्या ओठांत अक्षरं उलटीपालटी करत होती.

"अवो सायेब, शाळंत पोरी मास्तरीणबाईंच्या चोरून बोलतात ती चची भाषा ही. पयलं अक्षर शेवटी, त्याच्या जागी च," रंगू खुर्चीवर चढली. "त्याला वाचू द्या, मी सांगते."

आणि पुढच्या तिन्ही रांगा एका सुरात तिच्याआधीच सांगून मोकळ्या झाल्या:

"मी नीरा! काळूरामची लेक! शर्ली खोटी!"

नीराबाई उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी प्रज्योतपुढे हात पसरला.

"पेन दे, बाबा. मी शब्दाची पक्की. कुठं करू सही?"

मांडव प्रज्योतचा, माईक प्रज्योतचा, हजार कव्हरं प्रज्योतची. नीराबाईंचा खर्च शून्य; बॉलपेनसुद्धा त्याचंच होतं.