काडेपेटीतला मेंदू

"बोर्ड सापडला," एवढंच म्हणून ड्रायव्हरकाका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर मटकन बसले. पिशवीतून त्यांनी आधी मदरबोर्ड काढला, मग त्याला चालणारी जुनी मेमरी, आणि शेवटी खिशातली काडेपेटी. आत कापसावर प्रोसेसर ठेवलेला.

मेकॅनिकनं बोर्ड उलटापालटा करून पाहिला. अगदी हवा तोच होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

काकांची एकुलती एक पोर गाणी म्हणायची आणि कॉम्प्युटरवर साठवून ठेवायची. पोर तापानं गेली. तेव्हापासून तिची आई धड जेवली नाही. एकदा आवाज ऐकवा, एवढंच तिचं मागणं. घर बदलताना काकांनी तो बंद पडलेला कॉम्प्युटर भंगारात घातला होता, पण आतला प्रोसेसर तेवढा काढून घेतला होता. पोरीनंच एकदा खोका उघडून दाखवलं होतं, की बाबा, हा याचा मेंदू, सगळं हाच करतो. मेंदू हाताशी आहे म्हटल्यावर हाडं काय, कुठेही मिळतील, असं काकांना वाटलं. भोळा माणूस!

हाडं काही मिळेनात. नव्या बोर्डात तो प्रोसेसर बसेना, आणि जुना बोर्ड मिळालाच तर त्याची मेमरी मिळेना. काकांनी अख्खा बाजार पालथा घातला. दुकानदार हसायचे, नालेसाठी घोडा कशाला शोधताय म्हणायचे. मेकॅनिक मात्र कधी हसला नाही. आणलेला प्रत्येक बोर्ड बघून तो म्हणायचा, हा नाही चालणार, दुसरा बघा. काका गुमान उठायचे आणि पुन्हा शोधाला लागायचे.

आज नाही म्हणायची सोय नव्हती. मेकॅनिकनं प्रोसेसर उचलला आणि काकांकडे पाठ केली. कट्‌ असा बारीक आवाज झाला.

"काका, हात घसरला. पिना तुटल्या. आता हा कुठेच चालायचा नाही."

काका तोंडाला येईल ते बोलले. तुझे हात झडोत, म्हणाले. ढसाढसा रडले, आणि रिकामी काडेपेटी तिथेच टाकून गेले.

शेजारी तारा जोडत बसलेल्या मेकॅनिकच्या बायकोनं सगळं पाहिलं होतं.

"हात कुठे घसरला? मुद्दाम मोडलात तुम्ही."

मेकॅनिकनं काडेपेटी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"त्या प्रोसेसरमध्ये काहीच नव्हतं गं. गाणी हार्ड डिस्कवर असतात. ती त्यांनी आपल्या हातानं भंगारात घातली. हे कळलं असतं तर त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नसतं. आता मला शिव्या घालत का होईना, माणूस घरी तरी पोहोचेल."