दोन माणसांचा टप

“कंपनीचा तो कंपनीचा!” दादाने टपावर थाप मारली. “आवाज ऐक. कसा भरीव!”

“आणि वजन?” बहिणीने विचारलं.

“वजनाचं काय घेऊन बसलीस? आपण दोघं आहोत की!”

झालं! पुन्हा ‘आपण दोघं’.

दुकानात जीपचे दोन टप, म्हणजे काढता-बसवता येणारी छपरं, शेजारी शेजारी मांडले होते. एक जीपच्याच कंपनीचा, अखंड, मागच्या काचेसकट. दुसरा बाहेरच्या बनावटीचा, हलका, तीन तुकड्यांत सुटणारा. भाऊ-बहीण जीपमधून पर्यटकांना डोंगरावर फिरवायचे. आकाश मोकळं असलं की टप काढायचा, पावसाची चिन्हं दिसली की चढवायचा. जुन्या टपाला तडा गेला होता, त्यामुळे आज नवा घ्यायचाच होता.

आणि शनिवारी बहीण लांबच्या एका खाणीवर नोकरीला निघणार होती. दादाला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तोंडाने सांगायची छाती होत नव्हती, म्हणून बाईसाहेब आठवडाभर हलक्या टपाचे गोडवे गात होत्या. हलका घेतला तर दादा एकट्याने धंदा चालवू शकणार होता. कंपनीचा घेतला की उचलायला दुसरं माणूस आलं, आणि दुसरं माणूस म्हणजे तीच. मग कसली खाण नि कसलं काय.

“खरं सांगू का ताई,” दुकानदार म्हणाला, “कंपनीच्या टपाचं रबर असं बसतं की पाण्याचा थेंब आत येणार नाही. हा हलका खडकाळ रस्त्याला थोडा वाजतो. पण एकटा माणूस आरामात काढू शकतो.”

“एकटा कशाला काढेल?” दादा हसला. “माझ्याकडे हिच्यासारखा पैलवान असताना?”

“तुझा खांदा दुखतो, दादा.”

“खांद्याला काय धाड भरलीय? कंपनीचाच बसवा हो.”

“आधी जुना उतरवायला हवा,” दुकानदार म्हणाला. “माझी माणसं जेवायला गेलीत. थोडं थांबता?”

“त्यांना जेवू द्या निवांत. आमचं हे नेहमीचंच आहे.”

दादा जीपच्या उजव्या बाजूला गेला, ती डाव्या. बोल्ट निघाले. दोघांनी कडेला हात घातले. ‘एक, दोन’ दादाने म्हणायचं, ‘तीन’ तिने. ज्याला जड जातं त्यानेच ‘तीन’ म्हणावं, म्हणजे त्याची तयारी नसताना कोणी उचलत नाही, असा दादाचा नियम होता.

“एक, दोन.”

“तीन.”

टप वर आला, वीतभर. आणि अडकला.

“वायर!” दुकानदार ओरडला. “मागची वायर तशीच आहे!”

मागच्या काचेच्या वायपरची वायर. तिचा प्लग डाव्या कोपऱ्यात होता. टप उचलण्याआधी तो सोडवायचं काम तिचं, पहिल्यापासून तिचं. ती कधी म्हणजे कधी विसरली नव्हती. आता वायर ताणून ताठ झाली होती आणि दोघांचेही हात वजनात गुंतले होते.

“प्लग नाही काढलास?” दादाने टपाखालून तिच्याकडे पाहिलं. “तू? काय झालंय तुला?”

“काही नाही.”

“अगं, काय झालंय?”

“दादा, मी शनिवारी जातेय. खाणीवर नोकरी मिळाली. मी हो म्हणून बसलेय.”

दुकानदाराने मान वळवली आणि उगीचच बोल्टचे पाने पुसायला घेतले.

दादाचा उजवा खांदा थरथरायला लागला. सोडून द्यावं तर सगळं वजन तिच्या अंगावर, आणि हे दोघांनाही कळत होतं.

“आधी खाली ठेवू,” तो शेवटी म्हणाला. “एक, दोन.”

ती ताणलेल्या वायरकडेच बघत राहिली.

“म्हण ना! खांदा तुटतोय माझा!”

“तीन.”

टप जागेवर बसला. दादाने शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं.

“म्हणजे आठवडाभर हलका, हलका चाललं होतं ते यासाठी.”

“मला वाटलं, तू रागावशील.”

“रागावलोच आहे! घरी सांगता येत नव्हतं?”

“कसं सांगू? तू सारखा आपण दोघं, आपण दोघं करतोस. तोंड उघडायला जागा ठेवतोस का?” तिचे डोळे भरून आले. “मला जायचंय, दादा. खरंच जायचंय. आणि तुला असं सोडवतही नाही.”

दादा हलक्या टपाजवळ गेला. पुढच्या तुकड्याच्या दोन्ही कडा त्याने धरल्या. ती लगबगीने पुढे झाली.

“हात लावू नकोस,” तो म्हणाला. “मला बघू दे जमतं का.”

ती जागच्या जागी थांबली.

“एक,” दादा म्हणाला. “दोन.”

आणि सवयीने त्याने तिच्याकडे पाहिलं.

शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

दादाने घसा खाकरला. पुन्हा एकदा खाकरला.

“तीन,” तो स्वतःच म्हणाला, आणि उचलला.