रिकामा रकाना

आईपुढे चहाचा कप ठेवताना बाबा त्याचा कान नेहमी डावीकडे वळवत. आई डावखुरी होती. कप ठेवून झाला की ते विचारत, "मग, काय ठरलं?"

"विचार चालू आहे," आई म्हणे आणि पहिला घोट घेई.

लेक आता शेहेचाळीस वर्षांची होती आणि कळायला लागल्यापासून हे सवालजवाब ऐकत आली होती. प्रश्न पडद्यांचा असावा, असा तिचा समज होता. त्या घरातले पडदे कधीच बदलले नव्हते.

येत्या रविवारी आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. पाहुण्यांना वाटायला म्हणून ती घराण्याच्या इतिहासाची पुस्तिका करत होती. घराण्यात कोणी डायरी लिहिली नव्हती की पत्रं जपली नव्हती. भांडणं मात्र सगळ्यांनी कोर्टात नेली होती. त्यामुळे गेले दोन महिने शाळेतले विज्ञानाचे तास संपले की ती कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसे. पणजोबांनी शेजाऱ्याच्या कोंबड्यावर दावा लावला होता, पहाटे आरवतो म्हणून. आजोबा सख्ख्या भावाशी एका शिडीवरून अकरा वर्षं लढले; निकाल लागला तेव्हा शिडी मोडलेली होती. वय, धंदा, बापाचं नाव, राहायचं ठिकाण, वंशावळीला लागणारं सगळं दाव्याच्या पहिल्याच पानावर मिळे.

"मुखपृष्ठ छापून आलं," तिनं दाखवलं. वर ठळक अक्षरांत होतं, 'पन्नास वर्षांचा अखंड संसार'.

बाबांनी चष्मा पुसला. "'अखंड' जरा जड वाटतं."

"'सुमारे' घालता येईल का बघ," आई म्हणाली.

"अगं आई, संसार सुमारे कसा असेल?"

"तुझी आई बस चुकली म्हणून या घरात आहे," बाबा म्हणाले. हा त्यांचा जुना विनोद होता. आई त्यावर हसत नसे, पण रागावतही नसे.

"आता कोर्टाकडून निकालाची शेवटची नक्कल तेवढी यायची आहे. ती आली की पुस्तिका पुरी."

"शेवटची म्हणजे कोणाच्या वेळची?" बाबांनी विचारलं.

"आजोबांच्याच असणार."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्यांदा चहा ओतून घेतला.

शुक्रवारी रेकॉर्डकीपरनं तिच्या हातात बंद पाकीट ठेवलं. "बाई, अर्जात 'कोणत्या सालापर्यंत' हा रकाना तुम्ही रिकामा सोडलात. रिकामा रकाना म्हणजे आमच्याकडे आजपर्यंत. म्हणून ही एक जास्तीची निघाली."

"बरंच झालं की. घरी नेऊन फोडते. वाचनाचं खातं आमच्याकडे आईचं आहे."

रेकॉर्डकीपर काहीतरी बोलणार होता. मग त्यानं सही कुठे करायची ते दाखवलं.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. प्रत्येक नक्कल आई न्यायाधीशाच्या आवाजात वाचे. कोंबड्याच्या निकालाला तर बाबांना ठसका लागला होता. आईनं पाकीट फोडलं. त्याच वेळी बाबा कप ठेवत होते. कागदावरचं साल त्यांना दिसलं आणि कपाचा कान उजवीकडेच राहिला. नेहमीचा प्रश्नही त्यांनी विचारला नाही.

"अर्जदार, पत्नी," आईनं खणखणीत सुरुवात केली. "सामनेवाला, पती." पुढचं तिनं तिच्या नेहमीच्या आवाजात वाचलं. "उभयतांच्या संमतीनं हा विवाह आजपासून संपुष्टात आला आहे. दोन वर्षांची मुलगी आईकडे राहील."

"कोणाचा विवाह?" लेकीनं विचारलं.

आईनं कागदाची घडी घातली आणि तो मुखपृष्ठाखाली सरकवला. कपाचा कान स्वतःच डावीकडे वळवला. मग ती बाबांकडे बघून म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं रोज विचारताय, आणि ती बस काही आता मिळायची नाही. ठरलं, अहो. करूया आपण लग्न."