टपावरचा पट्टा

सकाळी सव्वानऊला घाटात एका तरुणाची दुचाकी कठड्यावर आदळली. मांडीतून रक्ताची धार लागली. मागून येणारी नवरीकडच्या वऱ्हाडाची जीप थांबली. निवृत्त नर्स शालनमावशींनी जखम दोन्ही हातांनी दाबून धरली आणि जीप चालवणाऱ्या भाच्याला हाक मारली, "दिगंबर, पेटी आण!"

अपघातासाठीची ती पेटी त्यांनीच भरून दिली होती. आत बँडेज होतं, कात्री होती. रक्त थांबवायचा पट्टा नव्हता.

"टपावर आहे, मावशी. दोरी कमी पडली, म्हणून आंदणाचं देवघर त्यानंच बांधलंय."

"सोड."

"देवघर पडेल की!"

मावशींच्या बोटांमधून रक्त येतच होतं. दिगंबरनं नवरीच्या वडिलांकडे पाहिलं.

"देव कुठं बसवलेत अजून? सोड," ते म्हणाले.

देवघर रस्त्यावर पडून फुटलं. मावशींनी जखमेच्या वर पट्टा करकचून आवळला, नवरीची लिपस्टिक मागून घेतली आणि डॉक्टरांना कळावी म्हणून पट्टा आवळल्याची वेळ तरुणाच्या कपाळावर लिहिली. वऱ्हाड खाली उतरलं. जीप त्याला घेऊन रुग्णालयाकडे सुटली.

बाराचा मुहूर्त टळला. वऱ्हाड घाटातच होतं आणि शस्त्रक्रियागृहाचं दार अजून उघडलं नव्हतं.