बिळाच्या तोंडावरचे दगड

आमचे जावईबापू भर दुपारी बाभळीखाली घोरत पडले आणि लांडगीण कळपातलं कोकरू घेऊन गेली. वर गावात सांगत सुटले, "लांडगे माजलेत, संपवूनच टाकतो." पारावरच्या लोकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाच्याही दारात मेंढरू नाही.

दुसऱ्या दिवशी छाती फुगवून मेंढवाड्यावर आले. "मामी, माळावरचं बीळ दगडांनी बुजवलं. आत पिल्लं आहेत, मरतील आपोआप."

मी हातातलं काम टाकून उठले. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं, तर त्याचा वाटा त्यानं नेला, असं आम्ही धनगर म्हणतो. त्याच्या बिळाला मात्र कुणी हात लावत नाही.

दगड मी जावयालाच उचलायला लावले. हात सोलले, तोंड उतरलं. लांडगीण थोड्या अंतरावर उभी होती, माणसं बघूनही पळाली नाही. शेवटचा दगड निघाला, तशी आतून कुईकुई ऐकू आली.

मी त्यांची काठी काढून घेतली. "जावईबापू, जनावर असून ती पोरं सोडून हलली नाही. तुम्हाला कोकरं राखवेनात. उद्यापासून कळप माझी लेक नेईल, तुम्ही भाकऱ्या थापा. आणि करपल्या, तर लांडग्याचं नाव घेऊ नका."