मित्राच्या नावावरचं बुकिंग

वृंदाताई महिनाभर लडाखला गेल्या आणि मालवणच्या त्यांच्या घरी भाड्यानं उतरणाऱ्या पाहुण्यांचं सगळं जेवणखाण शेजारच्या हेमलतावर आलं.

शुक्रवारी तिनं पाहुण्याला दार उघडलं, तर समोर ताईंचा मुलगा शार्दूल. आईशी भांडून गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. बुकिंग त्यानं शाळेतल्या मित्राच्या नावावर केलं होतं.

"मावशी, दोन दिवस राहून जातो. आईला मात्र सांगू नकोस."

तेवढ्यात ताईंचा मेसेज आला, "पाहुणे पोचले का?"

ज्यांनी विश्वासानं किल्ली दिली, त्यांच्याशी खोटं बोलणं हेमलताच्या जिवावर आलं. तरी तिनं लिहिलं, "पोचले. पुण्याचे कुणी आहेत."

ताईंचं उत्तर आलं, "कोलंबी करू नकोस. त्याच्या अंगावर पित्त उठतं."