निवाऱ्याचं छप्पर

वादळात बेघर निवाऱ्याचे पत्रे उडाले. नव्या छपरासाठी वस्तीतल्या बायकांनी पुरणपोळ्या विकायला काढल्या, तेव्हा लाटायला द्रौपदा सगळ्यांच्या आधी हजर झाली. नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर दोन वर्षं ती याच निवाऱ्यात राहिली होती.

दुपारी रांग पार रस्त्यापर्यंत गेली. संस्थेच्या अध्यक्षांनी माईक घेतला. "आता एका निराधार भगिनीचा सत्कार करू. द्रौपदा, ये गं."

ती पिठाच्या हातांनीच पुढे आली. "साहेब, निराधार होते तेव्हा इथं आसऱ्याला आले. आज छप्पर घालायला आलेय. आचारी म्हणा मला."

अध्यक्ष ओशाळले. "आपल्या मुख्य आचारी, द्रौपदाताई!"

रांगेत टाळ्यांचा कडकडाट झाला. द्रौपदाने ताठ मानेने शाल घेतली आणि लगबगीने तव्याकडे वळली. "सरा बाजूला, पोळी करपेल."

चौथ्या दिवशी निवाऱ्यावर नवे पत्रे चढले.